वायरिंगला कल्हई

ब्रेक दाबला की डाव्या इंडिकेटरचा बल्ब मिणमिणतो. इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच तालात मान डोलावतो. हेडलाइट लावले तर एक दिवा पांढरा, दुसरा पिकल्या लिंबासारखा पिवळा. किनारपट्टीवरच्या जुन्या अँबॅसडरला किंवा फियाटला यातलं एखादं दुखणं बहुतेक असतंच. मालक आधी बल्ब बदलतो, मग फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी), मग बॅटरी. तिन्ही मुळात चांगलेच असतात. करंट बल्बपर्यंत नीट आलेला असतो, पण परत जायची वाट गंजून बंद झालेली असते. मग तो शेजारच्या बल्बातून आडवाटेने बॅटरीकडे निघतो आणि जाता जाता तोही बल्ब पेटवतो.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून पाघळतं. खाऱ्या वाऱ्याबरोबर तेच मीठ बॉनेटखाली, दिव्यांच्या मागे, डिकीच्या कोपऱ्यांत बसतं आणि तिथेही तसंच पाघळतं. वायरचं आवरण जिथे तडकलंय तिथून ते पाणी आत शिरतं, आणि शिरलं की थांबत नाही. गाडीची वायर म्हणजे एक जाड तार नव्हे, अनेक बारीक तारांचा पीळ. समईच्या वातीत तेल चढावं तसं पाणी त्या तारांच्या फटींतून आत चढत जातं. टोकाला हिरवी पडलेली वायर सोलत गेलं तर वीतभर आतही ती काळी निघते ती यामुळे. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. वायरच्या टोकाला दाबून बसवलेलं (क्रिम्प केलेलं) धातूचं टोक, म्हणजे थिंबल, घट्ट वाटलं तरी त्या काळ्या थरावरच बसलेलं असतं. जुलै २०२१ मधला चिपळूणचा पूर अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. पुरात बुडालेल्या गाडीची वायरिंग धुऊन, वाळवून पुन्हा वापरता येईल असं धरून चालू नये, तेही याचसाठी.

गंमत अशी, की जुन्या वायरीत यावरचा उपाय होता, भलत्या कारणाने का होईना. पीव्हीसी येण्याआधी वायरला रबराचं आवरण असे आणि त्यावर सुती वीण. रबर पक्कं करायला गंधक घालतात आणि गंधक तांब्याला खातं. म्हणून आतल्या तारांना कथिलाचा मुलामा देत, म्हणजे चक्क कल्हई करत. पीव्हीसी आलं, गंधकाचा प्रश्न मिटला आणि कल्हईचा खर्चही वाचला. आमटी कळकू नये म्हणून पितळेच्या पातेल्याला दरवर्षी कल्हई करून घेणाऱ्या घरांतल्या गाड्या तेव्हापासून उघड्या तांब्यावर चालल्या आहेत.

त्यामुळे जुनी वायर सोलल्यावर आत रुपेरी तार दिसली तर ‘ॲल्युमिनियम आहे, फेका’ असं लगेच म्हणू नये. ब्लेडने खरवडून बघावं. आत तांबूस निघालं तर ती कल्हईची तार. हल्ली बाजारात याच्या उलटा माल मिळतो, वरून तांबं आणि पोटात ॲल्युमिनियम. खरवडल्यावर पांढरी पडणारी आणि हातात घेतल्यावर हलकी लागणारी ही वायर दुकानदाराने फुकट दिली तरी घेऊ नये. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम टोकापासून पिठासारखं झडत जातं.

बोटींच्या वायरिंगसाठी कल्हईदार तांब्याची वायर वेगळी मिळते. महाग असते आणि रंग मोजकेच येतात. शक्य असेल तर सगळी वायरिंग तिचीच करावी. हात आखडता घ्यावाच लागला, तर निदान अर्थच्या, म्हणजे करंट परत बॅटरीकडे नेणाऱ्या, सगळ्या वायरी आणि पुढच्या-मागच्या दिव्यांकडे जाणारे शेवटचे दोन फूट तरी त्या वायरचे असावेत. डॅशबोर्डमागे साधी तांब्याची चांगली वायरही पुष्कळ टिकते.

काम हाती घ्यायचं ते दिवाळी ते शिमगा या काळात. पावसाळ्यात बंद केलेल्या प्रत्येक सांध्यात ओल कोंडली जाते. वायरिंग बदलण्याइतकी खराब झाली आहे का, हे पेन्सिलीने कळतं. बॉनेटखालची एखादी वायर पेन्सिलीभोवती गुंडाळायची. आवरणाला तडे गेले किंवा त्याचा भुगा झाला, तर तुकड्या-तुकड्याने दुरुस्ती करण्यात अर्थ नाही. अर्धी जुनी, अर्धी नवी वायरिंग हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण प्रत्येक ठिगळाला दोन नवे सांधे येतात. वायर स्वतःहून फारशी बिघडत नाही, बिघडतात ते सांधे. आपण त्यांचीच संख्या वाढवत असतो.

काही सोडण्याआधी मोजून ठेवायचं. मल्टीमीटर २० व्होल्टच्या रेंजवर, हेडलाइट चालू. एक टोक बॅटरीच्या जिवंत (बॉडीला न जोडलेल्या) टर्मिनलवर, दुसरं बल्बच्या जिवंत टर्मिनलवर. इथे येणारा आकडा म्हणजे वाटेत हरवलेला व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. मग बल्बची अर्थ बाजू आणि बॅटरीचं अर्थ टर्मिनल. इथे ०.२ च्या वर गेलं तर दोष अर्थमध्ये. हे आकडे वहीत लिहून ठेवावेत, कारण काम झाल्यावर तेच पुन्हा मोजायचे आहेत. १२ व्होल्टमधला सव्वा व्होल्ट हरवला तर किरकोळ वाटतं, पण साध्या बल्बचा उजेड त्याने जवळजवळ ३० टक्क्यांनी उतरतो.

आता बॅटरी सोडायची, पण आधी अर्थ कोणता ते बघून. अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डची लेक. त्या घराण्यातल्या जुन्या गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असू शकतो. फियाट निगेटिव्ह अर्थची. जे टर्मिनल बॉडीला गेलंय ते आधी सोडायचं आणि लावताना शेवटी लावायचं, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत आजचा रेडिओ किंवा मोबाइल चार्जर तसाच जोडला तर तो पहिल्याच दिवशी कामातून जातो.

खुणा करताना बॉलपेन वापरू नये, घामाने शाई पसरते. पांढऱ्या कापडी टेपवर पेन्सिलीने लिहिलेलं टिकतं. वायर कुठून निघाली, कुठे गेली आणि रंग काय, हे दोन्ही टोकांना लिहायचं. रंग उन्हाने आणि तेलाने उडून सगळे चहाच्या रंगाचे झालेले असतात. वायरींच्या जुडग्यावरची पट्टी एखाद्या इंचभर उलगडली की आत मूळ रंग ताजा सापडतो. अँबॅसडरमध्ये लुकास या ब्रिटिश कंपनीची रंगपद्धत असते. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून कायम जिवंत, पांढरा किल्ली फिरवल्यावर जिवंत, हिरवा त्याच्यापुढे फ्यूजमधून आलेला, निळा हेडलाइटचा, लाल मागच्या आणि पार्किंगच्या दिव्यांचा, काळा अर्थचा. निळ्यावर पांढरी रेघ असली तर लांबचा झोत, लाल असली तर डिपर, म्हणजे जवळचा झोत. हिरव्यावर लाल रेघ डावा इंडिकेटर, पांढरी रेघ उजवा, जांभळी रेघ ब्रेकचा दिवा. फियाटची पद्धत निराळी आहे, तिला हे कोष्टक लावायला जाऊ नये.

जुडगं कापून काढायचा मोह होतो. कापू नये. तेच आपलं मोजमाप आहे. मागे जाणारी वायरिंग बॉडीच्या पोकळीतून गेलेली असते, तिच्या टोकाला दोर बांधून पायजम्याच्या नाडीसारखी ओढून काढायची, म्हणजे नवी ओवायला दोर आत राहतो. सुतळी पोकळीतल्या गंजात अडकून तुटते. मासेमारीची जाड तंगूस उत्तम, ती गुळगुळीत असते आणि कुजत नाही.

काढलेलं जुडगं पडवीत आठ बाय चार फुटी प्लायवर पसरायचं, जिथे जिथे फांदी फुटते तिथे दोन खिळे ठोकायचे, मग जुनं उचलून त्याच खिळ्यांमधून नवी वायर टाकत जायची. जाळं विणण्याइतकंच निवांत काम आहे. घाई करणाऱ्याला दोन्ही जमत नाहीत. प्रत्येक टोकाला चार बोटं वायर जास्त ठेवावी, पुढेमागे थिंबल बदलायची वेळ येतेच. मागच्या भागाचा हिशेब सोपा आहे. टेल, ब्रेक, डावा, उजवा, पेट्रोल टाकीचा मीटर अशा पाच वायरी आणि आपण वाढवणार असलेली अर्थची सहावी, प्रत्येकी सुमारे पाच मीटर. म्हणजे तीस मीटर वायर एकट्या मागच्या भागाला लागते. पुढचा भाग दिसायला आखूड, पण त्यात फांद्या जास्त, म्हणून प्रत्येक रंग मोजूनच आणावा.

जाडीत गल्लत नको. गाडीच्या वायरवर १४/०.३० असं लिहिलेलं असतं, म्हणजे ०.३० मिलिमीटरच्या १४ तारा, मिळून एक चौरस मिलिमीटर. विजेच्या दुकानात ‘१४/३६’ मागितली तर घरातली वायर मिळते. त्यातला ३६ हा गेज आहे, म्हणजे जेमतेम ०.१९ मिलिमीटरच्या तारा, आणि एकूण तांबं निम्म्याहून कमी. टेल, इंडिकेटर, मीटर यांना १४/०.३० पुरते. हेडलाइट आणि हॉर्नला २८/०.३०, म्हणजे दोन चौरस मिलिमीटर. डायनॅमोपासून (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बॅटरीकडे जाणाऱ्या मुख्य तपकिरी वायरला ४४/०.३० किंवा त्याहून एक पायरी जाड. डिपरचे ५५ वॉटचे दोन बल्ब मिळून नऊ अँपिअर ओढतात. पाच मीटर लांबीच्या एक चौरस मिलिमीटर वायरमध्ये त्यापायी सुमारे पाऊण व्होल्ट वाया जातो, दोन चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये त्याच्या निम्मा. सहा व्होल्टच्या जुन्या जीपगाड्यांत तेवढ्याच उजेडाला करंट दुप्पट लागतो, म्हणून तिथे सगळंच आणखी जाड हवं.

आता सांधे. पकडीने चेपलेलं थिंबल म्हणजे क्रिम्प नव्हे. रॅचेटचं क्रिम्पिंग टूल घ्यावं, त्याचे दात पूर्ण दाब बसल्याशिवाय सुटत नाहीत. क्रिम्प झाला की हाताने जोरात ओढून बघायचा. सुटला तर बरंच झालं, इथे सुटला, घाटात नाही. सोल्डर करावं की नाही यावर गॅरेजागणिक मतं आहेत. लुकासचे मूळ बुलेट कनेक्टर (गोळीच्या आकाराचे जोड) सोल्डरचेच होते, तेव्हा सोल्डर वाईट म्हणता येत नाही. पण ते तारांमध्ये वर चढून वायरचा एक भाग काडीसारखा ताठ करतं, आणि ताठ भाग जिथे संपतो तिथे हादऱ्याने वायर तुटते. म्हणून सोल्डर केलंच तर त्याच्या मागे बोटभर अंतरावर वायर पट्टीने आवळलेली हवी. एक गोष्ट मात्र वादाची नाही. कल्हईवाला नवसागर वापरतो तेवढ्यावरून आपण वायरला आम्लाचा किंवा नवसागराचा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा लेप) लावू नये. पातेलं धुता येतं, तारांच्या पिळात राहिलेलं क्लोराइड धुता येत नाही. समुद्राने जे दहा वर्षांत केलं असतं ते आपण पाच मिनिटांत वायरीत भरतो. फ्लक्स राळेचाच हवा.

क्रिम्पवर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी, नळी चढवायची. तापल्यावर कडेने गोंदाचा थेंब बाहेर डोकावला तर सांधा बंद झाला असं समजावं. साधी नळी नुसती आवळते, पाणी अडवत नाही. उघडे राहणारे बुलेट आणि थिंबलं जोडल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा.

अर्थचं दुखणं सगळ्यात जास्त त्या गाड्यांत दिसतं ज्यांना नुकताच हौसेने रंग दिलाय. दिव्याच्या बुडाखाली, बॅटरीच्या नटाखाली, सगळीकडे चकचकीत रंग. रंग म्हणजे इन्सुलेटरच. जिथे अर्थ बसणार तिथे रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासायची, दातेरी वॉशर घालून आवळायचं आणि मग वरून ग्रीस किंवा रंग. क्रम उलटा झाला की सगळं फुकट. कारखान्याने मागच्या दिव्यांची परतीची वाट पत्र्यावर सोपवली होती. पन्नास वर्षांच्या खाऱ्या हवेनंतर त्या पत्र्यावर विसंबून राहू नये. प्रत्येक दिव्याच्या बुडापासून काळी वायर काढून ती एका ठिकाणी आणावी आणि तिथून थेट बॅटरीच्या अर्थला न्यावी. नियमावर बोट ठेवणारे याला ‘मूळ नाही’ म्हणतात. म्हणू द्यावं. २०२१ च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ नोंदणी आली तेव्हा मूळ स्वरूप टिकवण्याचा भर सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांवर आहे. जुडग्यातल्या एका जादा काळ्या वायरने गाडीचं काही बिघडत नाही.

दुसरी अर्थ इंजिनची. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. त्यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी हिरवी होऊन तुटते आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण गाडी तरीही सुरू होते. सेल्फ मारताना लागणारा शे-दीडशे अँपिअर करंट मग चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. चोकची केबल गरम लागली, तिचं आवरण वितळलं किंवा ती आतल्या आत चिकटून बसली, की आधी ही पट्टी बघायची. तिच्या जागी २५ चौरस मिलिमीटरची केबल लावलेली बरी. विणलेली पट्टी मीठ धरून ठेवते.

फ्यूज जुन्या गाड्यांत नावापुरते. त्या काळच्या लुकासच्या डब्यात दोनच, ३५ अँपिअरचे, आणि तो आकडा उडण्याचा. सतत सोसायचा करंट त्याच्या निम्मा. म्हणून ३५ वाचून आजचा ३५ चा पातीचा फ्यूज लावू नये, वायर आधी जळेल. हेडलाइटना तर फ्यूजच नव्हता. दोन्ही बाजूंना वेगळे फ्यूज टाकावेत, म्हणजे एक उडाला तरी एक दिवा राहतो. एक चौरस मिलिमीटरच्या वायरला १०, दोनच्या वायरला १५ अँपिअर. फ्यूज वायरला वाचवतो, बल्बला नाही, म्हणून तो वायर बघून निवडायचा. फियाटच्या टोकदार फ्यूजची टोकं गंज धरतात. न उडताही दिवा बंद पडतो आणि फ्यूज बोटाने फिरवला की लागतो. तसं झालं तर दोन्ही पकडी घासून पुन्हा आवळाव्यात.

हेडलाइटला रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लावावा, हे मात्र आग्रहाने. पायाने दाबायचा डिपर असलेल्या गाड्यांत तो स्विच जमिनीवर, चपलेबरोबर येणाऱ्या लाल मातीत बसलेला असतो आणि नऊ-दहा अँपिअर त्याच्यातून जातात. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूजमधून जाड वायर, ८७ वरून दिव्याला, ८५ आणि ८६ मधल्या एकाला डिपरची जुनी वायर आणि दुसऱ्याला अर्थ. मग डिपरमधून पाव अँपिअरही जात नाही. रिलेचे पाय खाली करून बसवावा, वर केले तर पाणी साचतं. आणि दिवे वाढवण्याची हौस डायनॅमो बघून करावी. लुकासचा सी-४० पूर्ण वेगात २२ अँपिअर देतो आणि इंजिन सावकाश फिरत असताना जवळजवळ काहीच नाही. आंबा घाटात पावसातल्या रात्री ट्रकमागे रांगताना हेडलाइट, वायपर आणि इग्निशन बॅटरीवरच जगतात.

जुडगं बांधायला चिकट काळी टेप वापरू नये. मे महिन्यात तिचा गोंद काकवीसारखा ओघळतो, मग टेप सुटते आणि धूळ चिकटते. बिनगोंदाची पीव्हीसी पट्टी मिळते. ती अर्धी-अर्धी चढवत बारीक फांदीकडून खोडाकडे गुंडाळायची आणि शेवटी गाठ मारायची. पन्हळी प्लास्टिकची नळी घातली तर तिची चीर खाली, नाहीतर तिचं पन्हळच होतं. दिव्यात किंवा डब्यात शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पागोळी झोळाच्या तळाशी गळेल, आत जाणार नाही. पत्र्याच्या प्रत्येक भोकाला नवा रबरी ग्रॉमेट (भोकाच्या काठावर बसणारी कडी). जुना दगडासारखा झालेला असतो आणि पत्र्याची धार वायर कापत बसते. उंदरांचं म्हणाल तर त्यांना कुठलंही आवरण चालतं. भोकं बुजवणं आणि बॉनेटखाली घरटं होऊ न देणं, एवढंच हातात असतं.

सगळं जोडल्यावर बॅटरी एकदम लावू नये. बॅटरीचं टर्मिनल आणि तिची केबल यांच्यामध्ये २१ वॉटचा बल्ब जोडायचा. सगळे स्विच बंद असताना तो पेटला नाही पाहिजे. पेटला तर कुठेतरी वायर बॉडीला टेकलीय, पण बल्बच करंट अडवतो, त्यामुळे धूर निघत नाही. तो विझेपर्यंत एकेक फ्यूज काढत जायचं. मग एकेक स्विच लावून बघायचा. बल्ब पूर्ण तेजाने पेटला की त्या वाटेत शॉर्ट आहे का, की तो तिथला योग्य भार आहे, हे ताडून घ्यायचं. सेल्फ मात्र बल्ब काढून थेट केबल लावल्यावरच. डायनॅमो असलेल्या गाडीत, विशेषतः पॉझिटिव्ह अर्थ बदलून निगेटिव्ह केला असेल तर, इंजिन सुरू करण्याआधी डायनॅमोच्या एफ टर्मिनलची वायर सोडून तिथे बॅटरीच्या जिवंत टोकाची वायर दोन-तीनदा क्षणभर टेकवावी. बारीक ठिणगी पडते आणि डायनॅमो नवी दिशा धरतो. इग्निशन कॉइलच्या दोन वायरीही तेव्हाच अदलाबदल करायच्या.

मग वहीतले आकडे काढून पुन्हा मोजायचं. अर्थ बाजूला ०.१ च्या आत आलं की ब्रेक दाबून इंडिकेटरकडे बघावं.

पहिल्या पावसानंतर महिन्याभराने दिव्यांची बुडं एकदा उघडावीत, जेलीचा हात पुन्हा द्यावा, अर्थचे नट आवळावेत. आपण काढलेला आराखडा आणि पॉझिटिव्ह अर्थ की निगेटिव्ह हे ठळक लिहिलेला कागद प्लास्टिकमध्ये घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा, सोबत प्रत्येक आकाराचे दोन फ्यूज. जुनं जुडगं भंगारवाल्याला द्यायची घाई नको. निदान एक पावसाळा ते खिळ्यांच्या प्लायसकट मांगरात टांगून ठेवावं. श्रावणात एखादा दिवा लागेनासा झाला, तर मूळची कुठली वायर कुठे जात होती हे त्याच्याइतकं खरं दुसरं कुणी सांगत नाही.